फुटलेली सिस्ट आणि न फुटलेली सिस्ट: आठ वर्षांच्या मुलीच्या फुफ्फुसांतला हायडॅटिड आजार

आठ वर्षांची मुलगी, वजन २२ किलो. तीन महिन्यांपासून खोकला, येऊन-जाऊन ताप, दोन वेळा कफातून रक्त. आमच्याकडे पाठवली तेव्हा क्षयरोगाच्या औषधांचे दोन महिने पुरे झाले होते आणि एकही डोस चुकलेला नव्हता. रोजच्या डोसपुढे खूण केलेलं कार्ड आईने सोबत आणलं होतं. तरी ताप हटला नव्हता, वजन उलट किलोभर उतरलं होतं. जठरातला स्राव काढून जीनएक्सपर्टवर, म्हणजे क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या यंत्रावर, तपासला होता, त्यात क्षयाचा जंतू नव्हता. ट्युबरक्युलिन चाचणी निगेटिव्ह. घरात कुणाला क्षय नाही. औषधं सुरू झाली होती ती एक्स-रेवरून: उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पोकळी आणि तिच्यात पाणी.

क्षयाची शंका आधी घेण्यात गैर काही नाही. लांबलेला खोकला, ताप, रक्त आणि पोकळी हे एकत्र दिसलं की पहिलं नाव क्षयाचं निघतं आणि निघायलाही हवं. अडचण पुढे येते. जंतू सापडत नाही, औषध लागू पडत नाही, अशा वेळी निदान पुन्हा तपासायचं की औषध बदलायचं? या मुलीच्या बाबतीत दुसऱ्या फळीची औषधं द्यायचा विचार सुरू झाला होता. प्रत्यक्षात तिच्या उजव्या फुफ्फुसात होती ती हायडॅटिड सिस्ट, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका पट्टकृमीच्या अळीने तयार केलेली, पाण्याने भरलेली पिशवी. ती फुटून गेली होती. डाव्या फुफ्फुसात आणखी एक होती आणि ती अजून शाबूत होती. हे प्रकरण एवढ्या तपशिलात लिहिते आहे ते मुख्यतः या दुसरीसाठी.

त्या रात्री काय झालं होतं

फाइल जाडजूड होती, पण आजार सुरू कसा झाला हे तीत एका ओळीत उरकलं होतं: खोकला, ताप, ३ महिने. म्हणून आईला अगदी पहिल्यापासून सांगायला लावलं.

"ताई, पहिला दिवस आठवतो का? खोकला हळूहळू वाढत गेला की एकदम सुरू झाला?"

"एकदम, डॉक्टर. झोपेतून उठली नि खोकतच सुटली. श्वास घेता येईना. तोंडातून पाणीच पाणी आलं, मला वाटलं उलटी झाली. पण तीच म्हणाली, आई, खारट लागतंय."

"पाण्यात आणखी काही होतं?"

"पांढरं, पातळ सालीसारखं काहीतरी होतं. अंड्याच्या टरफलाच्या आत पापुद्रा असतो ना, तसलं. मी पुसून टाकलं. मग हिच्या अंगभर गांधी उठल्या, डोळे सुजले. रात्रीच नेऊन इंजेक्शन दिलं. ॲलर्जी आहे म्हणाले."

एवढ्या बोलण्यातच निदान होतं. हायडॅटिड सिस्टमध्ये नितळ, रंगहीन, खारट पाणी दाबाखाली कोंडलेलं असतं. सिस्ट श्वासनलिकेत फुटली की ते पाणी एकाएकी तोंडावाटे बाहेर पडतं आणि सोबत आतल्या पांढऱ्या आवरणाचे तुकडे येतात. त्या पाण्यातली प्रथिनं रक्तात शिरली की शरीर जोरदार प्रतिक्रिया देतं. गांधी, सूज, दम; आणि वाईट वेळ असेल तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतणारी ॲनाफायलॅक्सिस. मुलगी त्या रात्री थोडक्यात बचावली. मागे उरलेल्या पोकळीत आवरणाचे तुकडे कुजत राहिले, जंतुसंसर्ग झाला, आणि पुढचे तीन महिने जो ताप, खोकला आणि रक्त दिसलं ते या संसर्गाचं होतं.

ॲलर्जीचा कागद फाइलमध्ये एका टोकाला होता, खोकल्याचा पहिला कागद दुसऱ्या टोकाला. दोन्हींवरच्या तारखा एकमेकींना लागून होत्या. कागद शेजारी-शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते, कारण एकीकडे गेली ती त्वचेची तक्रार आणि दुसरीकडे गेली ती छातीची.

पुढचा प्रश्न कुत्र्याचा. घरात कुत्रा होता, जवळजवळ मुलीच्याच वयाचा. रेबीजची लस वेळच्या वेळी दिली जात होती. जंताचं औषध मात्र त्याला कधी दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शेजारीपाजारी मेंढ्या होत्या आणि कापलेल्या जनावरांचे टाकून दिलेले अवयव कुत्र्यांच्या तोंडी लागायचे.

कुत्र्याच्या लहान आतड्यात राहणारा हा कृमी, इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस, जेमतेम २ ते ७ मिलिमीटर लांबीचा असतो. कुत्र्याला त्याचा सहसा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे कुत्रा आजारी दिसत नाही. अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, माती, पाणी, भाजीपाला आणि कुत्र्याच्या केसांवर राहतात, ओल आणि गारवा असेल तर महिनोन्‌महिने टिकतात. मेंढी, शेळी, गाय यांनी ती गिळली की त्यांच्या यकृत-फुफ्फुसांत सिस्ट वाढतात, आणि त्या सिस्ट असलेला कच्चा अवयव कुत्र्याने खाल्ला की चक्र पुरं होतं. माणूस या चक्रात चुकून सापडतो. मूल कुत्र्याशी खेळतं, हात तोंडात घालतं, अंडं पोटात जातं. आतड्यात अंड्यातून अळी बाहेर पडते, भिंत भेदून रक्तात शिरते आणि बहुधा यकृतात अडकते. तिथून जी निसटते ती फुफ्फुसात पोचते. मोठ्या माणसांत यकृताच्या सिस्ट सुमारे ७० टक्के आणि फुफ्फुसाच्या २० टक्क्यांच्या आसपास दिसतात. मुलांमध्ये फुफ्फुसाचा वाटा बराच जास्त असतो. मुलांचं फुफ्फुस मऊ आणि लवचीक असल्यामुळे सिस्टला वाढायला आडकाठी होत नाही, आणि ती झपाट्याने मोठी होते. शिवाय मूल बराच काळ खेळतं-खातं राहतं. छातीत केवढी गाठ आहे याचा पत्ता लागतो तो पुष्कळदा ती फुटल्यावरच.

जुना एक्स-रे

आईच्या पिशवीत आणखी एक एक्स-रे होता, वर्षभरापूर्वीचा. तेव्हा साध्या तापासाठी काढलेला. तो कुणी मागितला नव्हता आणि तिनेही आपणहून दाखवला नव्हता. उजवीकडे खाली, सध्या पोकळी होती नेमकी त्याच जागी, एक गोल, सगळीकडून सारखी दाट सावली होती. कडा कंपासने काढावी इतकी रेखीव. रिपोर्टमध्ये "गोल न्यूमोनिया" लिहिलं होतं. मुलांमध्ये गोल न्यूमोनिया असतो हे खरं आहे, पण तो अँटिबायोटिकने काही आठवड्यांत विरतो, आणि विरला की नाही हे दुसरा एक्स-रे काढूनच कळतं. दुसरा काढलाच नव्हता, कारण ताप उतरला होता आणि मूल बरं दिसत होतं.

नव्या एक्स-रेत त्याच जागी पातळ भिंतीची पोकळी होती, खाली पाण्याची सरळ पातळी आणि त्या पातळीवर वेडीवाकडी, लाटेसारखी वर आलेली एक रेघ. ती रेघ म्हणजे सुटून पाण्यावर तरंगणारं आवरण. पुस्तकांत याला वॉटर लिली चिन्ह म्हणतात. क्षयाच्या किंवा साध्या गळवाच्या पोकळीत पातळी अशी सरळ सोडून उंचसखल होत नाही. सिस्ट फुटण्याआधी, बाहेरच्या दोन आवरणांमध्ये जेव्हा थोडीशी हवा शिरते, तेव्हा वरच्या कडेला काळी चंद्रकोर दिसते. ती दिसली तर सिस्ट फुटायला फार वेळ उरलेला नाही असं समजून हालचाल करावी.

त्याच नव्या एक्स-रेत आणखी एक गोष्ट होती आणि ती पहिल्या नजरेत आम्हालाही जाणवली नाही, इतकी उजवीकडची पोकळी डोळ्यांत भरत होती. हृदयाची डावी कडा दुहेरी दिसत होती. हृदयाच्या सावलीमागे काहीतरी लपलेलं असलं की असं दिसतं. बाजूने एक्स-रे काढला आणि मग सीटी केला. डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या खंडात ६ सेंटीमीटरची सिस्ट निघाली. भिंत अखंड, आत फक्त पाणी, सीटीवर मोजलेली घनता ८ हाउन्सफील्ड युनिट, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकीच, डाय दिल्यावर आतला कुठलाच भाग उजळत नव्हता. उजवीकडची फुटलेली ८ सेंटीमीटरची. पोटाच्या सोनोग्राफीत यकृतात २.८ सेंटीमीटरची तिसरी, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत सीई-१, म्हणजे जिवंत आणि सक्रिय.

हायडॅटिडचा संशय आला की छाती आणि पोट दोन्ही पाहायचंच. एका जागी सापडली म्हणून तपास थांबवला असता तर डावीकडची आणि यकृतातली दोन्ही सिस्ट राहून गेल्या असत्या.

रक्ताच्या तपासण्यांनी फारशी मदत केली नाही. हिमोग्लोबिन ९.८, पांढऱ्या पेशी १६,०००, म्हणजे संसर्ग. इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ६ टक्के. जंत म्हटलं की इओसिनोफिल भरपूर वाढलेले असणार ही समजूत इथे लागू पडत नाही. बंद सिस्टमध्ये ते बहुतेकदा नॉर्मल असतात आणि फुटल्यावर वाढले तरी पुन्हा उतरतात. इकायनोकॉकसविरुद्धच्या अँटिबॉडीची एलायझा चाचणी सीमारेषेवर आली. यकृताच्या सिस्टमध्ये ही चाचणी बऱ्यापैकी विश्वासाची, फुफ्फुसाच्या सिस्टमध्ये मात्र जवळजवळ निम्म्या रुग्णांत निगेटिव्ह येऊ शकते. आवरण अखंड असेल तर आतली प्रथिनं रक्तापर्यंत पोचतच नाहीत, मग अँटिबॉडी तयार होणार कशा? म्हणून पॉझिटिव्ह आली तर आधार मिळाला म्हणावं, निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाही असं कधीच म्हणू नये. वस्ती, कुत्रा, ती रात्र आणि स्कॅन या चार गोष्टी जुळत असताना रिपोर्टवरच्या एका आकड्यासाठी निदान अडवायचं नसतं.

सुई घालून पाणी काढून पाहू, अशी सूचना आधीच्या कागदांत पेन्सिलीने लिहिलेली होती. ती झाली नाही हे मुलीचं नशीब. फुफ्फुसातल्या अखंड हायडॅटिड सिस्टमध्ये बाहेरून सुई घालायची नाही. पाणी दाबाखाली असतं. सुईच्या छिद्रातून ते छातीच्या पोकळीत किंवा श्वासनलिकेत झिरपलं तर ॲनाफायलॅक्सिस होऊ शकते, आणि त्या पाण्यातल्या सूक्ष्म अळ्या जिथे पडतील तिथे प्रत्येकीची नवी सिस्ट वाढू शकते. यकृताच्या काही सिस्टमध्ये सुईने पाणी काढून औषध भरण्याची पद्धत आहे. ती फुफ्फुसाला लावायची नाही. मुलांच्या छातीत गोल, रेखीव कडांची, पाण्याने भरलेली गाठ दिसली तर जन्मजात सिस्ट, श्वासनलिकेची सिस्ट, गळू, क्वचित ट्यूमर अशी पुष्कळ नावं यादीत येतात. त्या यादीत हायडॅटिड जोवर आहे तोवर सुई ट्रेमध्येच ठेवावी.

आधी कुठली बाजू

आता तीन सिस्ट, दोन्ही फुफ्फुसं आणि तापलेलं, खंगलेलं मूल. फुफ्फुसाच्या मोठ्या सिस्टला शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे. निव्वळ औषधावर फार लहान सिस्ट सोडता भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही बाजू एका वेळी करणं हिच्या प्रकृतीला झेपणारं नव्हतं. मग सुरुवात कुठून?

आईवडिलांना वाटत होतं उजवीकडून, कारण त्रास तिथला होता. कनिष्ठ सहकाऱ्यांपैकी काहींचंही तेच मत होतं: पू जिथे आहे तिथे आधी हात घाला. माझं मत डावीकडून करण्याचं होतं. फुटलेली सिस्ट जे नुकसान करायचं ते करून बसली होती. तिच्यातला संसर्ग अँटिबायोटिकने निदान आटोक्यात ठेवता येतो. न फुटलेली सिस्ट मात्र कधीही फुटू शकत होती आणि दुसऱ्यांदा ती रात्र आली असती तर निरोगी फुफ्फुसच उरलेलं नसल्याने निभावलं असतं की नाही कुणास ठाऊक.

भूलतज्ज्ञांनी याला आणखी एक भक्कम कारण जोडलं. छातीच्या शस्त्रक्रियेत मूल कुशीवर असतं. वरचं फुफ्फुस उघडतात आणि खालच्या फुफ्फुसावर श्वास चालतो. उजवी बाजू आधी केली तर डावं फुफ्फुस खाली येणार, त्यात यंत्राने दाब देऊन हवा भरली जाणार, आणि तिथली ६ सेंटीमीटरची ताणलेली सिस्ट त्या दाबाने टेबलावरच फुटू शकते. डावी आधी केली तर खाली येणारं उजवं फुफ्फुस आजारी असलं तरी त्यात फुटायचं काही शिल्लक नाही. मात्र ते श्वास पेलण्याइतकं सुधारून घ्यायला हवं.

म्हणून आधी अँटिबायोटिक सुरू केलं, क्षयाची औषधं बंद केली. छातीची फिजिओथेरपी फक्त उजवीकडची, तीही कुशीवर झोपवून कफ वाहू देण्यापुरती. डावीकडे थापटायचं नाही असं पलंगावरच्या कागदावर ठळक लिहून लावलं. ताप उतरायला आठवडा लागला.

राहिला प्रश्न अल्बेंडाझोलचा, म्हणजे या अळीवर चालणाऱ्या जंताच्या औषधाचा. ते शस्त्रक्रियेआधी द्यावं की नंतर याबाबत फुफ्फुसाच्या सिस्टमध्ये मतं एकसारखी नाहीत. आधी दिलं तर आतल्या अळ्या कमजोर होतात, शस्त्रक्रियेत पाणी सांडलंच तर धोका कमी. पण औषधाने सिस्टचं आवरणही कमजोर होतं आणि मोठी सिस्ट फुटू शकते. डावीकडची बाहेर निघेपर्यंत अल्बेंडाझोल द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. ६ सेंटीमीटरची अखंड सिस्ट छातीत ठेवून हे औषध सुरू करून मुलाला घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं. शस्त्रक्रियेची तारीख लांबणार असेल तर हे आणखी लागू.

डावी बाजू

एका फुफ्फुसाचा श्वास थांबवायचा तर मोठ्या माणसांत दुहेरी नळी घालतात. त्या नळीचा सगळ्यात लहान आकारही या मुलीच्या श्वासनलिकेला मोठा होता. भूलतज्ज्ञांनी साध्या नळीसोबत ब्राँकियल ब्लॉकर घातला, म्हणजे टोकाला छोटा फुगा असलेली बारीक नळी. दुर्बिणीतून पाहत फुगा डाव्या मुख्य श्वासनलिकेत बसवला. यामुळे डावं फुफ्फुस शांत राहतं आणि सिस्टमधलं काही गळलं तरी उजवीकडे वाहत नाही. ॲनाफायलॅक्सिस झालीच तर द्यायचं ॲड्रिनॅलिन भरून, लेबल लावून हाताशी ठेवलं होतं.

फासळ्यांमधून छाती उघडली. खालच्या खंडाच्या पृष्ठभागावर सिस्टचा पांढुरका घुमट वर आलेला होता. त्याच्याभोवती १० टक्के पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकात भिजवलेल्या जाळीच्या घड्या चहूबाजूंनी अशा लावल्या की घुमटाचा माथा तेवढा उघडा राहिला. दोन सक्शन चालू, त्यातलं एक रुंद तोंडाचं.

इथे दोन मार्ग असतात. नॉर्मन बॅरेट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत वरचं फुफ्फुसाचं आवरण अलगद कापतात, भूलतज्ज्ञ हळूहळू हवा भरतात आणि सिस्ट अखंड बाहेर ढकलली जाते. लहान, वरवरच्या सिस्टला ही पद्धत सुंदर आहे. हिची सिस्ट मोठी आणि खोलवर बसलेली होती. अखंड काढण्याच्या नादात हातात फुटली तर सगळी मेहनत वाया. म्हणून या बंदिस्त, औषधाने वेढलेल्या जागेत, रुंद सक्शन टेकवून ठेवून, सुईने आधी पाणी काढलं. नितळ पाणी होतं. बाहेरून आंधळेपणाने घातलेली सुई आणि छाती उघडून, वेढा घालून घातलेली सुई यांत हाच फरक आहे. सिस्ट ढिली पडल्यावर माथा उघडून पांढरं आवरण चिमट्याने धरलं आणि ते एकसंध बाहेर आलं, जाड, ओलसर, सुटल्याबरोबर स्वतःभोवतीच गुंडाळणारं.

अळ्या मारणारं २० टक्के मिठाचं पाणी काही ठिकाणी पोकळीत भरतात. फुफ्फुसात मी ते टाळते. पोकळीच्या तळाशी श्वासनलिकांची बारीक तोंडं उघडी असतात. त्यातून ते तीव्र पाणी निरोगी भागात उतरतं, शिवाय लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम चढू शकतं. पोकळी पोव्हिडोन आयोडीनच्या बोळ्याने पुसून घेतली. मग साधं सलाइन भरलं आणि ब्लॉकर सैल करून फुफ्फुसात हलकीशी हवा सोडायला सांगितली. तळातून पाच जागी बुडबुडे आले. पाचही तोंडं विरघळणाऱ्या बारीक धाग्याने शिवली आणि पुन्हा पाणी भरून पाहिलं. बुडबुडा येत नाही तोवर पुढे जायचं नाही. हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, आणि शस्त्रक्रियेनंतर छातीत ठेवलेल्या नळीतून दिवसेंदिवस हवा येत राहण्याचा त्रास इथेच टाळता येतो.

रिकाम्या पोकळीच्या भिंती आतून टाके घालून एकमेकींना जोडायच्या की तशाच सोडायच्या यावरही वाद आहे. खोल भागात मोजके टाके घातले, वरचा भाग मोकळा ठेवला. मुलांमध्ये फार घट्ट शिवलं तर शेजारचं चांगलं फुफ्फुस दुमडतं. खंड काढून टाकण्याचा प्रश्नच नव्हता. सिस्टभोवतीचं फुफ्फुस दाबलं गेलेलं असतं, मेलेलं नसतं.

उजवी बाजू तीन आठवड्यांनी केली. तोवर डावं फुफ्फुस भरून आलं होतं, ती चालत-फिरत होती, वजन सातशे ग्रॅम वाढलं होतं. या वेळी ब्लॉकर उजवीकडे, पू डावीकडे जाऊ नये म्हणून. पोकळीची भिंत जाड झालेली, आत पिवळट पू आणि कुजलेल्या आवरणाचे तुकडे. भोवतालचा खालचा खंड यकृतासारखा घट्ट दिसत होता आणि तो काढून टाकावा असं क्षणभर कुणालाही वाटावं. तुकडे काढून, धुऊन, तोंडं शिवून झाल्यावर हवा भरली. आधी काही झालं नाही. दोन-तीन मिनिटं सौम्य दाब ठेवल्यावर कडेपासून गुलाबी रंग आत सरकत आला आणि खंडाचा बराचसा भाग फुगला. आठ वर्षांच्या मुलीचा खंड तिला जन्मभर पुरायचा असतो. संसर्गाने पार नष्ट झालेला नसेल तर तो काढू नये. इथे नळीतून हवा काही दिवस येत राहिली, मग आपोआप थांबली.

दोन्ही बाजूंचं आवरण पॅथॉलॉजीकडे गेलं. पेशीविरहित, थरांवर थर असलेला पडदा आणि डावीकडच्या पाण्यात अळ्यांचे सूक्ष्म, हुकासारखे काटे. निदानावर शिक्कामोर्तब झालं.

औषध, घर आणि कुत्रा

डावीकडची शस्त्रक्रिया होऊन जेवण सुरू झाल्यावर अल्बेंडाझोल दिलं. मात्रा रोज किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. हिला १५० मिलिग्रॅम सकाळी, १५० संध्याकाळी. हे औषध उपाशीपोटी फारसं शोषलंच जात नाही, जेवणात स्निग्ध पदार्थ असले तर अनेक पटींनी जास्त शोषलं जातं. ही गोष्ट चिठ्ठीवर लिहून भागत नाही, समजावून सांगावी लागते, कारण पुष्कळ घरांत जंताचं औषध रिकाम्या पोटी घेण्याची सवय असते. पूर्वी मधे चौदा दिवसांची सुट्टी देऊन औषध देत, आता अखंड देण्याकडे कल आहे. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी केल्या. यकृताची एन्झाइम्स एकदा थोडी वाढली, मात्रा तीच ठेवून लक्ष ठेवलं, ती उतरली. केस गळत आहेत म्हणून मुलगी रडली होती. औषध संपलं की परत येतात हे तिलाच, तिच्या भाषेत, सांगितलं.

आईचा प्रश्न होता, मांस खाल्ल्याने हे झालं का? नाही. मांसातून माणसाला हा आजार होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांतून होतो, आणि कधीही मांस न खाणाऱ्या मुलालाही होऊ शकतो. माणसापासून माणसालाही होत नाही. तिच्याशेजारी भावंडं बसत नव्हती, शाळेतल्या मुलांना काय सांगायचं म्हणून घरचे चिंतेत होते. ते एकदा स्पष्ट बोलून टाकल्यावर घरातलं वातावरण बदललं. भावंडांची सोनोग्राफी आणि एक्स-रे केले, दोघंही ठीक निघाले.

"मग कुत्र्याला सोडून द्यायचं का?" हे वडिलांनी विचारलं, आणि मुलगी बोलणं थांबवून आमच्याकडे पाहू लागली. सोडून देण्याने काही साधत नाही. तो दुसरीकडे जाऊन तीच अंडी टाकणार. त्याला पशुवैद्यांकडून प्राझिक्वांटेल दिलं, किलोला ५ मिलिग्रॅम. हे औषध आतड्यातले कृमी मारतं, अंडी मारत नाही. म्हणून औषधानंतरचे काही दिवस विष्ठा हातमोजे घालून उचलायची आणि जाळायची किंवा खोल पुरायची. कुत्र्याला पुन्हा लागण झाली तर नवे कृमी अंडी घालू लागायला साधारण सहा आठवडे लागतात, त्यामुळे जिथे लागण होत राहते तिथे डोसही तेवढ्या अंतरानेच द्यावे लागतात. वर्षातून एकदा दिलेल्या डोसने समाधान मानू नये. आणि कच्चे टाकाऊ अवयव कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायचे नाहीत. चक्र तिथेच तुटतं. आइसलँडमध्ये एके काळी हा आजार माणसांत फार पसरलेला होता आणि तो देश त्यातून मुक्त झाला. न्यूझीलंडने २००२ मध्ये आपण यातून तात्पुरते मुक्त झाल्याचं जाहीर केलं. दोन्ही ठिकाणी मुख्य काम कुत्र्यांवर आणि त्यांच्या तोंडी पडणाऱ्या अवयवांवर झालं. हात धुणं अर्थातच हवं, पण साबण आणि वाहतं पाणी. सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत.

अल्बेंडाझोल सहा महिने चाललं. यकृतातल्या २.८ सेंटीमीटरच्या सिस्टला आम्ही हात लावला नव्हता. पाच सेंटीमीटरच्या आतल्या, सीई-१ प्रकारच्या सिस्ट औषधावर मावळण्याची चांगली शक्यता असते. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीत तिचं आतलं आवरण भिंतीपासून सुटलेलं दिसलं, सहाव्या महिन्यात आतलं पाणी जाऊन ती घट्ट झाली, म्हणजे सीई-४, निष्क्रिय. अशी सिस्ट पुन्हा सक्रिय होऊ शकते, म्हणून यकृताची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, निदान पाच वर्षं चालू राहील. अँटिबॉडीची चाचणी पुन्हा केलेली नाही. ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते आणि तिच्यावरून उपचार ठरवता येत नाहीत. शेवटच्या भेटीत वजन २५ किलो होतं, उजवीकडच्या एक्स-रेत खाली एक बारीक चिरेसारखी रेघ उरली आहे, डावीकडे काहीही नाही. पुढची तारीख देताना जुने सगळे एक्स-रे सोबत आणायला सांगितलं आहे.